दोष रक्ताचा की पाण्याचा?

आमच्या मामाची सगळी नोकरी सरकारी मत्स्यबीज केंद्रांत गेली. रोहू, कटला, मृगळ यांची अंडी उबवायची, जिऱ्यापासून, म्हणजे कोवळ्या पिल्लांपासून, बोटुकली तयार करायची आणि तलावाच्या ठेकेदारांना किंवा मच्छीमार सोसायट्यांना विकायची. माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची भाची, जनुकशास्त्र शिकली. बाजारात ज्याला दोन रुपये मिळणार नाहीत असाच मासा तिला आवडतो. दोघांचा एक जुना वाद आहे: एखाद्या तळ्यात, डोहात, गुहेत कोंडल्या गेलेल्या माशांच्या पिढ्या वाकड्या, आंधळ्या किंवा अर्धवट निघू लागल्या, तर खोट कुठे शोधायची, आणि सापडली तर ती दुरुस्त करायची का? यंदाच्या दिवाळीत तो पुन्हा रंगला. मी टिपणं घेतली, आणि मध्येमध्ये स्वतःचं मतही घुसडलं आहे.

मामा: यात वाद घालण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. मासे थोडे, बाहेरून नवे येत नाहीत, म्हणजे भावाबहिणींच्याच जोड्या लागणार. काही पिढ्यांत कणा वाकडा, जबडा आखूड, कल्ल्यावरचं झाकण अर्धं. गावात शेळ्या पाळणारी म्हातारीसुद्धा बोकड बदलते. तिला कुणी जनुकशास्त्र शिकवलं होतं?

भाची: म्हातारीचं बरोबर आहे. पण तू प्रत्येक वाकडा मासा रक्तावर ढकलतोस. पिल्लांना खायला काय घालायचास?

मामा: भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. तेव्हा सगळीकडे तेच.

भाची: त्यात क जीवनसत्त्व किती असतं? रोहूला काय, कटल्याला काय, आपल्यासारखंच ते स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. ते कमी पडलं की कोलॅजन कच्चं राहतं, आणि कोलॅजन कच्चं म्हणजे कणा कच्चा. मग पोहताना माशाचे स्वतःचेच स्नायू त्याला वाकवतात. आईबाप सात समुद्रापलीकडचे असले तरी पिल्लू वाकडं निघणार.

मामा: सिमेंटच्या हौदात निघेल. माझी तळी मातीची होती. शेण टाकून पाणी हिरवंगार केलेलं, पिल्लांना प्लवंग हवा तेवढा. त्याच तळ्यात, त्याच पेंडीवर, दुसऱ्या केंद्रावरून आणलेल्या नरमादीची पिल्लं सरळ निघायची आणि आमच्या जुन्या जोड्यांची वाकडी. आता बोल.

भाची: आता बोलण्यासारखं आहे! पाणी तेच, खाणं तेच, फक्त आईबाप वेगळे. याला पुरावा म्हणतात. मघाचा नुसता राग होता.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पुढचा सगळा वाद याच एका युक्तीवर चालला. माशाकडे कितीही निरखून पाहिलं तरी त्याचा कणा का वाकला हे कळत नाही. सगोत्र पैदास, कुपोषण, पहिल्या दिवसांत हवेने न भरलेलं वाताशय, हौदातला फार जोराचा प्रवाह, ट्राउटच्या कूर्चा खाणारा एक परजीवी, पाण्यातलं विष: या सगळ्यांची सही जवळजवळ सारखीच असते. उत्तर मिळतं ते एक गोष्ट बदलून आणि बाकीच्या तशाच ठेवून.

भाचीने मग वेल्समधली एक जुनी हकीकत काढली. ११८८ साली जेराल्ड नावाचा एक धर्मगुरू आर्चबिशप बाल्डविनबरोबर धर्मयुद्धासाठी माणसं जमवत वेल्सभर फिरला आणि त्याने त्या प्रवासाचं वर्णन लिहून ठेवलं. स्नोडोनियाच्या डोंगरांतल्या एका तळ्याबद्दल तो लिहितो की तिथले ईल, ट्राउट आणि पर्च हे तिन्ही मासे एकाक्ष आहेत. उजवा डोळा शाबूत, डावा मात्र नाही.

मामा: थापा.

भाची: असतील. पण थाप आहे की नाही हे बाजूला ठेवून विचार कर. ईल, ट्राउट आणि पर्च यांची आपसात सोयरीक होत नाही. तीन वेगळ्या जातींना एकाच तळ्यात एकच व्यंग दिसत असेल, तर सगोत्र पैदास हे उत्तरच बाद होतं. तिन्ही जातींचा एकच जनुक एकाच बाजूला बिघडला असं कोण मानेल? मग संशयित एकच राहतो, पाणी. नाहीतर सांगणारा.

मामा: आणि असं खरोखर कुठे घडलंय का, की आठशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यावरच भागवायचं?

भाची: बेल्यूज लेक. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात कोळशाच्या वीज केंद्रासाठी बांधलेला जलाशय. १९७४ पासून राखेच्या तळ्यातलं पाणी त्यात सोडायला लागले. राखेतून सेलेनियम आलं. पाण्यात त्याचं प्रमाण कसलं, अब्जात दहा भाग. चव नाही, रंग नाही, मोठे मासे पोहताना दिसतायत. आणि काही वर्षांत तलावातल्या २० जातींपैकी १९ संपल्या.

मामा: विषाने मेले, व्यंगाचा काय संबंध?

भाची: मोठे मासे विषाने पटापट मेले नाहीत, हीच तर गंमत. सेलेनियम गंधकासारखं वागतं, म्हणून प्रथिनं बनताना गंधकाच्या जागी जाऊन बसतं. मादी ते अंड्याच्या बलकात भरते. ती स्वतः ठणठणीत. पिल्लू बाहेर आल्यावर पोटाखालचा बलक शोषून घेतं आणि त्याच दिवसांत त्याची हाडं आकार घेत असतात. कणा आडवा वाकतो, उभा वाकतो, पोट पाण्याने फुगतं, डोळे बाहेर येतात. आईच्या डब्यातूनच विष. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात राखेचं पाणी बंद केलं, तरी गाळातलं सेलेनियम अळ्यांतून, किड्यांतून माशांत येतच राहिलं.

मामा: म्हणजे नवे नरमादी आणून सोडले असते तरी?

भाची: त्यांनी पण तोच बलक भरला असता. तुझा बोकड तिथे काही कामाचा नव्हता.

मामा क्षणभर गप्प बसला. पण तोही पेपर वाचणारा माणूस आहे आणि निवृत्तीनंतर त्याच्याकडे वेळच वेळ आहे. त्याने सोनोरा काढलं. माझ्या मते त्या दिवसातला हा त्याचा सगळ्यात जोरदार डाव.

मामा: मेक्सिकोत सोनोरा प्रांतात डोंगरातल्या ओढ्यांमध्ये छोटे डोह आहेत. तिथे पोएसिलिऑप्सिस नावाचे बोटाच्या पेराएवढे मासे राहतात. १९७६ च्या दुष्काळात वरचे डोह आटले. पुढे पाणी आलं तेव्हा खालून दोनचार मासे वर चढले आणि त्यांच्यापासूनच नवी वस्ती झाली. व्रियेनहुक नावाचे शास्त्रज्ञ तिथे आधीपासून मोजमाप करत होते. या नव्या वस्तीत जनुकांचं वैविध्य जवळजवळ संपलं होतं. मासे डाव्या-उजव्या बाजूला सारखे नव्हते आणि अंगभर परजीवींचे काळे ठिपके. आता गंमत ऐक. त्याच डोहात त्याच माशाची एक भावंडजात राहते. तिच्यात सगळ्या माद्याच असतात, आणि त्या आपल्या प्रतिकृतीच काढत जातात. पाणी तेच, अन्न तेच. त्या धडधाकट होत्या. तूच म्हणालीस ना, एक गोष्ट वेगळी, बाकीच्या त्याच?

भाची: म्हणाले.

मामा: मग १९८३ मध्ये खालच्या भागातल्या, भरपूर वैविध्य असलेल्या ३० माद्या आणून तिथे सोडल्या. फक्त ३०. दोन वर्षांत परजीवींचं ओझं पुन्हा उलट फिरलं. नवं रक्त आलेले मासे निरोगी आणि प्रतिकृतीवाल्या माद्या ठिपकेदार. हे म्हातारीचं बोकड बदलणंच आहे. फक्त ते नेचरमध्ये छापून आलं.

भाची: मान्य. पूर्ण मान्य. पण त्या ३० माद्या कुठून आणल्या ते तूच सांगितलंस. त्याच ओढ्याच्या खालच्या डोहातून. दुष्काळ पडला नसता तर त्या आपल्या आपण वर आल्या असत्या. माणसाने फक्त पावसाचं काम केलं.

ही गोष्ट आपल्याकडच्या नद्यांना तंतोतंत लागू पडते. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. देवीचे मासे म्हणून तिथले महसीर कुणी धरत नाही, उलट लोक त्यांना चुरमुरे घालतात. उन्हाळ्यात तो डोह एकटा पडल्यासारखा दिसतो. पण पहिल्या मोठ्या पुरात नदी सलग होते, मासे वरखाली जातात आणि एकटेपण संपतं. सह्याद्रीतल्या डोहांचं कोंडलेपण आठ महिन्यांचं असतं. जिथे वरखाली बंधारे झाले तिथे मात्र पूर आला तरी वाट मोकळी होत नाही, आणि म्हातारीच्या बोकडाची आठवण तिथे ठेवायला हवी.

पण भाचीच्या मनात दुसरंच ठिकाण होतं. तिथे बाहेरच्या पाण्याशी जोडणारा पूर येतच नाही.

भाची: नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिल्स होल आहे. डोंगराच्या कुशीत एक चीर, तिच्या तळाशी पाणी. पाणी ३३ अंश गरम, प्राणवायू अगदी कमी. खोली १३० मीटरच्या पुढे, आणि तळ अजून कुणाला सापडलेला नाही. या एवढ्या विवरात माशांच्या उपयोगाचा एकच भाग आहे. काठाशी पाण्याखाली खडकाची एक उथळ पायरी आहे, काही मीटर लांबीरुंदीची. ऊन तिच्यावर पडतं, शेवाळ तिच्यावर उगवतं, अंडी तिच्यावर घातली जातात. आणि त्या पायरीवर एक मासा राहतो, सिप्रिनोडॉन डायबोलिस. सगळे त्याला पपफिश म्हणतात. एवढ्या लहान जागेत राहणारा दुसरा कणाधारी प्राणी जगात माहीत नाही. लांबी इंचभर, निळा चकचकीत. आणि पोटाखालची परांची जोडी त्याला नाहीच.

मामा: झालं. सगोत्र पैदास. याहून ठळक उदाहरण कुठे मिळणार?

भाची: हेच मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. शेजारच्या अमार्गोसा नदीत त्याचा चुलतभाऊ राहतो. त्याला ते पर असतात. २००६ मध्ये शॉन लेमा आणि गॅब्रिएल नेव्हिट या दोघांनी त्या चुलतभावाचीच पिल्लं प्रयोगशाळेत वाढवली. काहींना थायरॉइड दाबणारं औषध दिलं. त्यांचं डोकं आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे राहिले, शरीर उथळ झालं आणि पोटाखालचे पर नीट वाढलेच नाहीत. नदीतल्या धडधाकट माशाच्या पिल्लाचा डेव्हिल्स होलचा मासा झाला! आणि ज्यांना नुसतं पोटाला कमी घातलं, त्यांच्यातही थायरॉइडचं संप्रेरक कमी भरलं. आता त्या विवरात बघ. उष्णता इतकी की शरीराचं इंधन भराभर जळतं, आणि खायला एका पायरीवरचं शेवाळ. वाढच अशी अर्धवट थांबते की त्या परांची पाळी येत नाही.

मामा: म्हणजे रक्त साफ आहे?

भाची: कुठे? २०२२ मध्ये त्या परिसरातल्या पपफिशांचे ३० जीनोम वाचले. डेव्हिल्स होलच्या माशांत सरासरी ५८ टक्के जीनोम दोन्ही बाजूंनी एकसारखा निघाला. लागोपाठ चारपाच पिढ्या सख्ख्या भावाबहिणींची लग्नं लावल्यावर होईल तसा. शुक्राणूंच्या हालचालीशी, कमी प्राणवायूत जगण्याशी संबंधित काही जनुकं मोडलेली. आणि १९८० साली फॉर्मलिनमध्ये घालून ठेवलेला एक मासाही त्यांनी वाचला. तोही आधीपासून असाच. म्हणजे २०१३ मध्ये मोजणीत ३५ मासे उरले, त्याने हे झालेलं नाही. हे जुनं दुखणं आहे.

मामा: अगं, मग मी काय वेगळं म्हणतोय?

भाची: तू परांकडे बोट दाखवून रक्त बिघडलं म्हणालास. रक्त बिघडलंय, पण ते दिसतं शुक्राणूंत, अंड्यांत, पिल्लं न जगण्यात. डोळ्याला जे व्यंग दिसतं ते पाण्याने आणि भुकेने घडवलेलं असू शकतं, आणि जे खरं दुखणं आहे ते बाहेरून दिसतही नाही.

मला हा सगळ्या वादाचा गाभा वाटला. तिने लगेच काट्याच्या माशाची, स्टिकलबॅकची जोड दिली, आणि ती चपखल होती. हिमयुगानंतर समुद्रातून गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकलेल्या स्टिकलबॅकांपैकी काही वस्त्यांमध्येही पोटाखालचा काटा आणि त्याचा आधार नाहीसा झालेला आहे. तिथे मात्र कारण जनुकात सापडलं. पिटएक्सवन नावाच्या जनुकाला त्या जागी चालू करणारा डीएनएचा छोटा तुकडाच गळाला आहे, आणि वेगवेगळ्या तळ्यांत तो वेगवेगळा गळाला आहे. पुन्हा पुन्हा तेच घडतंय म्हणजे काटा नसणं तिथे सोयीचं असावं. अवयव तोच, त्याचं नसणंही तेच. एकीकडे ते उपाशी वाढीतून आलं, दुसरीकडे जनुकाच्या तुटक्या कळीतून. आणि दोन्हींत ‘बिघाड’ हा शब्द अपुरा पडतो.

मामा: ठीक. मला विज्ञान नको शिकवू, मी व्यवहाराचा माणूस. एकदा ३५ मासे उरले होते. रक्त बिघडलंय हे तूच सांगतेस. शेजारी चुलतभाऊ आहे. चारदोन नर उचलून टाक त्या विवरात. काय हरकत आहे?

भाची: हे चुकून घडून गेलंय. सरकारने त्या माशांच्या राखीव वस्त्या काढल्या होत्या, आपल्या राखीव बियाण्यासारख्या. त्यांतल्या अ‍ॅश मेडोजमधल्या एका टाकीत शेजारच्या जातीचे मोजकेच मासे शिरले. कुणाच्या लक्षात आलं नाही. काही वर्षांत टाकीतली संख्या वाढायला लागली, काहींना पोटाखाली पर दिसायला लागले. तपासलं तर शिरलेल्या त्या मोजक्यांची जनुकं सगळ्या वस्तीत भराभर पसरलेली.

मामा: बघ! बोकड बदलला, कळप सुधारला.

भाची: सुधारला. पण ते मासे डेव्हिल्स होलचे म्हणून धरले गेले नाहीत आणि त्यांना परत विवरात सोडलं नाही. शास्त्रज्ञांमध्ये यावर कडाक्याची भांडणं झाली. काही जण अगदी तुझंच म्हणत होते.

मामा: मग ते शहाणे होते. मासा जगला पाहिजे ना? माझ्या केंद्रावर मी कुणाची वंशावळ जपत बसलो असतो तर सोसायट्यांनी बोटुकली कुठून आणली असती?

भाची: तुझं रोहूचं बियाणं तलावात जायचं, तिथून ताटात. इथे कुणाला मासा खायचा नाहीये. इथे जपायचंय ते विवरातल्या त्या पाण्याशी जुळलेलं काहीतरी. ते काय आहे हे कळायच्या आत तू ते पातळ करणार. आणि आपल्याच लोकांनी हे करून बघितलंय. लोणावळ्याचं नाव काढू का?

मामाचा चेहरा पडला, कारण लोणावळ्याच्या महसीरचा त्याला अभिमान आहे. वळवणच्या उबवणी केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात निळ्या परांच्या महसीरची पैदास यशस्वी केली, आणि तिथली पिल्लं देशभर गेली. कावेरीतही गेली. कावेरीत मूळचा एक महसीर आहे, पाठीला मोठा कुबड असलेला आणि नारिंगी परांचा. कुबड म्हटल्यावर आपल्याला व्यंग वाटेल, पण ती त्या जातीची ओळखच आहे. सरळ पाठीचा निघाला असता तरच त्याला वेगळं म्हणावं लागलं असतं. गळकरी लोक त्याच्या मागे शंभराहून अधिक वर्षं लागलेले होते, तरी त्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी आहे हे पक्कं झालं ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. कावेरीवर गळ टाकून मासा सोडून देणाऱ्या शिबिरांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी पाहिल्या तर कुबडवाला घटत गेला आणि बाहेरून आलेला निळ्या परांचा वाढत गेला.

मामा: ते वेगळं आहे. ते दोन जातींचं प्रकरण. एकाने दुसऱ्याची जागा घेतली. ते नवं रक्त नव्हतं, आक्रमण होतं.

भाची: बरोबर, दोन्ही एक नाहीत. पण सोडणाऱ्यांच्या मनात काय होतं? महसीर कमी झालाय, महसीर सोडूया. हेतू तुझ्यासारखाच शुद्ध. विवरात चुलतभाऊ टाकलास तर तो नवं रक्त ठरेल की आक्रमण, हे तू आधी सांगू शकतोस? टाकीत तर मोजक्याच माशांनी सगळी वस्ती व्यापली.

इथे मला मामाच्या बाजूने एक सांगावंसं वाटतं. मेक्सिकोतल्या गुहांतले आंधळे अस्त्यानॅक्स मासे हे त्याच्या पक्षाचं विलक्षण उदाहरण आहे. वेगवेगळ्या गुहांतल्या वस्त्या स्वतंत्रपणे आंधळ्या झाल्या. २००८ मध्ये रिचर्ड बोरोव्स्की यांनी एका गुहेतला आंधळा नर दुसऱ्या गुहेतल्या आंधळ्या मादीशी जोडला, आणि काही पिल्लांना दिसू लागलं. एका जोडीत हे प्रमाण जवळजवळ ४० टक्के होतं. एकीकडे एक जनुक मोडलेलं, दुसरीकडे दुसरंच. दोघांनी एकमेकांची भरपाई केली. कोंडलेपणाने मोडलेलं काही तरी एका पिढीत सांधता येतं, हे यातून दिसतं. पण त्या पिल्लांना गुहेच्या काळोखात परत सोडलं तर डोळ्यांचा त्यांना उपयोग काय, हा भाचीचा प्रश्न उरतोच. डोळा चालू ठेवायला इंधन लागतं, आणि गुहेत इंधनाचीच वानवा. म्हणजे तिथे डोळस पिल्लूच तोट्यात. तिला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली आणि मामाही. वादात असं क्वचित होतं.

मामा: मग तुमचं म्हणणं, हातावर हात ठेवून बसायचं?

भाची: कुणी बसलं नाही. १९५२ मध्ये अध्यक्ष ट्रुमननी डेव्हिल्स होलचं विवर डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्रात घातलं. साठच्या दशकाच्या शेवटी आसपासच्या शेतीसाठी बोअर मारले, भूजल उपसलं आणि विवरातलं पाणी उतरायला लागलं. पायरी उघडी पडायला लागली. पायरी गेली तर शेवाळ गेलं, शेवाळ गेलं तर मासा गेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये कॅपार्ट खटल्यात निकाल लागला की पायरी बुडण्याएवढी पातळी राहिलीच पाहिजे, उपसा त्या मानाने कमी करा. तिथले लोक चिडले. गाड्यांवर पपफिश वाचवा असे स्टिकर होते, तसे पपफिश मारा असेही होते.

मामा: शेतकऱ्याचं मला कळतं हं. इंचभर माशासाठी विहिरीला कुलूप.

भाची: मलाही कळतं. पण बघ, पहिला उपाय काय निघाला? पाणी. रक्ताला कुणी हातही लावला नाही. पातळी टिकली, मासे टिकले.

मामा: टिकले कसले? ३८, मग ३५.

भाची: आणि २०२४ च्या वसंतात १९१. पंचवीस वर्षांतला उच्चांक. त्याच रक्ताचे, तितकेच एकमेकांचे नातलग.

मामा: आणि २०२५ मध्ये?

ही आकडेवारी मामाने आदल्याच दिवशी वाचली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. भूकंपांनी विवरातलं पाणी हिंदकळलं, पायरीवरचं शेवाळ आणि अंडी धुऊन गेली, आणि २०२५ च्या वसंतातली मोजणी पुन्हा ३८ वर आली.

भाची: हो, ३८. पण तिथेही बाहेरचं रक्त आणलं नाही. जवळच एक मोठी टाकी बांधली आहे. पायरी हुबेहूब तशीच, खडकाच्या नकलेसकट. विवरातून अंडी आणून त्यात मासे वाढवलेत. त्यातलेच मासे परत सोडले.

मामा: म्हणजे सारवासारव. घरचेच नातलग परत घरी. रक्ताची गाठ आहे तिथेच. पुढच्या भूकंपाला पुन्हा हेच.

भाची: असेल. पण भूकंपाने शेवाळ गेलं, हा रक्ताचा दोष कसा? तू मोडक्या शुक्राणूंचं बोल, तिथे मी तुझ्या बाजूने आहे. त्यासाठी वेगळी टाकी घे, त्यात चुलतभाऊ घाल आणि बघ काय होतं. विवरात नाही.

मामा: आणि विवरात दहाच उरले तर?

भाची: तरी नाही. तुझी टाकी तयार ठेवायची.

मामा: पाच?

भाची: विवरातली अंडी काढून आपल्या टाकीत नेईन. मिसळणार नाही.

मामा: दोन? आणि दोन्ही नर? टाकीतलेही सगळे मेलेत असं धर.

भाचीने चहाचा कप खाली ठेवला. आईने हाक मारली, ती तिने ऐकली नाही.

भाची: मग तुझी शेजारीण आण. पण तिची पिल्लं मोजायची वही वेगळी.

मामा: वही तू आण. मी मोजायला येतो.